माऊली नावाचा म्होरक्या

उत्तरेश्वरला पोलिसांची भीती वाटायची, आणि तिला तसं काहीच कारण नव्हतं. हडपसरच्या एका आयटी पार्कच्या गेटवर तो अकरा वर्षं वॉचमन होता. अंगावर गणवेश, गळ्यात शिट्टी, आणि भल्याभल्या साहेबांना 'कार्ड दाखवा' म्हणून अडवायचा अधिकार. तरी रस्त्यात पोलिसांची गाडी जवळ येऊन हळू झाली की याची पावलं अडखळत. असा माणूस गुरुवारी सकाळी सायबर पोलिसांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दारासमोर बसला होता.

त्याचा एकुलता एक मुलगा, माऊली, आठ महिन्यांपूर्वी परदेशात कस्टमर केअरच्या नोकरीला गेला होता. त्या देशाचं नाव उत्तरेश्वरला अजून नीट घेता येत नसे, म्हणून घरात सगळे नुसतं 'तिकडं' म्हणत. पहिला महिनाभर रोज व्हिडिओ कॉल यायचा. मग आठवड्याला एक. मग एकदा भलत्याच नंबरवरून फोन आला आणि माऊली कुजबुजला, "अण्णा, हितं कस्टमर केअर न्हाई. फोन करून लोकांना फसवायचं काम हाय. पासपोर्ट काढून घेतलाय, भिंतीवर तारा हायत." त्यानंतर चार महिने काही नाही.

मग टीव्हीवर बातमी आली. आपले पोलीस, तिकडचे पोलीस आणि आणखी एका देशाचे पोलीस अशा तिघांनी मिळून ती भिंतीआडची वसाहत फोडली होती. सतरा मराठी पोरं विमानाने दिल्लीला आली. कौशल्याने, म्हणजे माऊलीच्या आईने, अख्ख्या चाळीला सांगून टाकलं आणि पुरणाची डाळ भिजत घातली. पण सतरांत माऊली नव्हता. ती डाळ तिसऱ्या दिवशी फेकून द्यावी लागली. आज निघताना ती उंबऱ्याशी येऊन एवढंच म्हणाली होती, "अहो, दुसरं काही इचारू नका. जित्ता हाय का, एवढं इचारा."

दार उघडलं. फौजदार राजनंदिनी मॅडम दारात उभ्या होत्या. वय तिशीचं, कसबा पेठेत वाढलेल्या, आणि बोलणं असं की शब्दांना जणू पावती फाडावी लागते.

"या काका. बसा. चहाचं मशीन बंद आहे. तुमचा मुलगा जिवंत आहे."

उत्तरेश्वर खुर्चीवर बसला नाही, खुर्चीत पडला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी शिल्लक आहे हे त्याला दिसत होतं.

"मग विमानात का नव्हता?"

"कारण तिकडच्या पोलिसांच्या मते तो फसलेला नाही. फसवणाऱ्या मराठी टोळीचा म्होरक्या आहे." त्यांनी कागदांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. "तिथल्या फोनमधले मेसेज आहेत, इंग्रजीत भाषांतर करून पाठवलेत. एक हजार नऊशे वेळा नाव आलंय. माऊलीने यादी मागवली, माऊलीने माणूस बदलला, माऊलीने गप्प बसायला सांगितलं. सोमवारी तिथल्या कोर्टात आरोपपत्र जाईल. वीस वर्षांची शिक्षा असते. त्याआधी घरच्यांशी एकदा बोलायला ते तयार झालेत. आज. आत्ता."

वीस वर्षं. उत्तरेश्वरने मनात हिशोब केला नाही, त्याची गरज नव्हती. वीस वर्षांनी तो बहात्तरचा झाला असता, आणि कौशल्या तेवढी थांबली नसती. त्याने कागद उलटे धरले होते, ते मॅडमनी सुलटे करून दिले. इंग्रजी त्याला गेटपुरतं यायचं, पण रकान्यात एकाखाली एक लिहिलेलं स्वतःच्या पोराचं नाव त्याला वाचता आलं. पानामागून पान तेच. हे आपलंच पोरगं असेल का, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. माऊली बोलण्यात पटाईत होता, हे काही खोटं नव्हतं. दहावीत नापास होऊनही त्याने हेडमास्तरांकडून पेढे खाल्ले होते.

भिंतीवरचा पडदा उजळला. एका चौकटीत तिकडच्या पोलीस अधिकारी होत्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या. त्यांच्या शेजारी एक तरुण अधिकारी. दुसऱ्या चौकटीत दिल्लीचे एक साहेब, आणि त्यांच्या मागे एसी दुरुस्त करणारा एक जण शिडीवर. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं. मग मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची ओळख करून दिली. बोला त्यांच्याशी."

उत्तरेश्वर उभा राहिला. त्याने पडद्याला हात जोडले आणि आयुष्यभर ज्याला त्याला करत आला तसाच नमस्कार केला.

"नमस्कार, माऊली."

पडद्यावर गडबड उडाली. बाईंनी झटकन मागे वळून पाहिलं. शेजारचा तरुण उभाच राहिला. दिल्लीच्या साहेबांनी चष्मा चढवला. बाई करड्या आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणालात तुम्ही आत्ता?" मॅडमनी विचारलं.

"नमस्कार म्हणलं."

"त्याच्यापुढे."

"माऊली."

"त्या विचारतायत, तुमचा मुलगा या खोलीत आहे असं तुम्हाला का वाटलं."

"मला कुठं वाटलं? न्हाई वाटलं, माऊली. आसंच म्हणत्यात की."

राजनंदिनी मॅडम त्याच्याकडे पाहत राहिल्या. "आता मला म्हणालात."

"तोंडात बसलंय मॅडम. रिक्षावाल्याला म्हणतो, भाजीवालीला म्हणतो. समद्यांना म्हणतो. पोराचं नावबी त्याच्यातनंच ठिवलं."

मॅडमनी तो गठ्ठा ओढून घेतला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. पुण्यात जन्म काढलेली बाई. दिवसातून दहा जण तिला माऊली म्हणत असतील. पण तिच्यापुढे आलं होतं ते इंग्रजी, आणि इंग्रजीत ते नुसतं नाव होऊन बसलं होतं. भाषांतर करणाऱ्याचीही चूक म्हणता येईना. ज्या वाक्यात नावासारखं काही दिसलं ते त्याने बाजूला काढून बोलणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात नेऊन ठेवलं, असं कुणीही केलं असतं. त्या टापटिपीपायी एक पोरगं वीस वर्षं आत जाणार होतं.

"मूळ मेसेज पाहिजेत," मॅडम मराठीतच म्हणाल्या, आणि मग तेच इंग्रजीत.

तीन देशांचे पोलीस हातात हात घालून काम करतात म्हणजे काय करतात, ते उत्तरेश्वरने पुढची चाळीस मिनिटं पाहिलं. एकाने मेल पाठवला म्हणायचं, दुसऱ्याने आला नाही म्हणायचं, आणि दिल्लीच्या साहेबांनी स्पॅममध्ये बघा म्हणायचं. फाइल आली तर पासवर्ड नाही. पासवर्ड ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. तिकडे जेवायची वेळ झाली होती. उत्तरेश्वर सकाळपासून उपाशी होता आणि जगाच्या त्या टोकाला कुणीतरी निवांत घास चावत होतं, याचा त्याला इतका राग आला की क्षणभर भीती मागे पडली.

फाइल उघडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. "माऊली, यादी पाठव. हो माऊली. माऊली, जेवलास का. गप बस माऊली, साहेब आलाय." पाच-सहा पानं झाल्यावर त्या थांबल्या. दिल्लीला आलेल्या सतरांपैकी साईनाथ नावाच्या मुलाचा जबाब त्यांच्याकडे होता. त्यातली एक ओळ त्यांनी आधी वाचूनही सोडून दिली होती. आत एकमेकांची खरी नावं घ्यायला बंदी होती, घेतली तर मार बसे. म्हणून मराठी पोरं एकमेकांना माऊलीच म्हणत. सतराच्या सतरा जण त्या एका शब्दामागे लपले होते. ज्याच्या पासपोर्टावर तो शब्द छापलेला होता, तेवढा एक सापडला.

मॅडमनी हे सगळं पडद्यावर समजावून सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाई ऐकत होत्या, लिहीत होत्या. दोनदा त्यांनी तो शब्द स्वतः उच्चारून पाहिला. मग बराच वेळ बोलल्या. उत्तरेश्वर त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

"त्यांना पटलंय," मॅडम म्हणाल्या. "नावाचा पुरावा त्या बाजूला ठेवतायत. पण मग त्या विचारतात, यातला तुमचा मुलगा कोणता? त्याने स्वतः अजून तोंड उघडलेलं नाही, घाबरून गप्प आहे. तिथे रेकॉर्ड झालेल्या फोनमध्ये दोन मराठी आवाज कुणाचे ते कळलेलं नाही. एक हुकूम सोडणारा, एक फोन करणारा. तुम्ही ऐकायचं आणि सांगायचं."

"आन् सांगितल्यावर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नीट ऐका, नंतर मला बोल लावू नका. पहिला आवाज त्याचा असेल तर तो खरंच म्होरक्या. तिथेच राहील. दुसरा त्याचा असेल तर तो जबरदस्तीने राबवलेला, म्हणून ते त्याला आमच्या ताब्यात देतील. पण त्या दुसऱ्या आवाजावर इथे आमच्याकडे गुन्हा दाखल आहे. माणसं फसवलीत त्याने, पुण्यातली. विमानतळावर मी उभी असेन, आणि हार घेऊन नाही. जबरदस्ती होती की नव्हती, ते कोर्ट बघेल."

"दोन्हीबी नसला तर?"

"तर तो कोण हे तिकडचं कोर्ट ठरवेल. त्यांच्या सवडीने."

हेडफोन मॅडमनीच त्याच्या कानांवर नीट बसवले.

पहिला आवाज जाड, घोगरा, शिवीशिवाय वाक्य न संपवणारा. उत्तरेश्वरने दहा सेकंदांत मान हलवली. नाही. देवाची कृपा, हा नाही.

मग दुसरा सुरू झाला.

"आजी, घाबरू नका. मी आहे ना. फोन ठेवू नका. तुमच्या नावावर गुन्हा आहे, पण मी तुमच्या बाजूचा माणूस आहे. आधी पाणी प्या दोन घोट. प्यायलात? सुनेला काही सांगू नका. सांगितलंत तर मला तिलाही आत घ्यावं लागेल."

पलीकडे एक म्हातारी रडत होती. "लेकरा, म्या काय केलं रं?"

"तुम्ही काही केलं नाही आजी. म्हणून तर मी बोलतोय."

शुद्ध पुणेरी बोलणं, गावाकडचा एक शब्द नाही. पण त्या गोडव्याखालचं पोरगं उत्तरेश्वरने पहिल्याच 'आजी'ला ओळखलं होतं. त्याला वाटलं होतं, आवाजात दहशत असेल, कुणीतरी मागे काठी घेऊन उभा आहे हे कळेल. तसं काही ऐकू येत नव्हतं. आवाज शांत होता, मायेचा होता, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे तो उत्तरेश्वरवरही चालत होता. फोन ठेवू नका म्हटल्यावर त्याचाही हात हेडफोनवर घट्ट झाला होता. म्हातारी हो साहेब, हो साहेब म्हणत होती, आणि तो तिला एकेक पायरी हाताला धरून खाली उतरवत होता.

रेकॉर्डिंग संपलं. पडद्यावरच्या बाई त्याच्याकडे रोखून पाहत होत्या. उत्तरेश्वरच्या डोळ्यांपुढे विमानतळ आलं, बेड्या आल्या, चाळीच्या जिन्यात उभी असलेली माणसं आली. आणि हे कौशल्याला ऐकवणार कसं?

"हा बी न्हाई," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

राजनंदिनी मॅडमनी ते वाक्य इंग्रजीत केलं, आणि पलीकडे बाईंनी समोरची फाइल मिटली. दहा मिनिटं थांबू, मग बैठक संपवू, असं ठरलं. "बाहेर जाऊन पाणी प्या," मॅडम म्हणाल्या, "आणि विचार करा."

तो बाहेर आला. आपण काय करून बसलो हे त्याला दाराबाहेर पडता पडताच कळलं होतं. पोराला आपल्या हाताने तिकडे ठेवून आलो. पण परत आत जाऊन शब्द फिरवायचा, तर आपणच त्याला चोर म्हणायचं. पाय पुढेही जाईनात आणि मागेही. बाकावर एक म्हातारी आणि तिच्याबरोबर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. त्यांच्याकडे पाठ करून तो खिडकीशी उभा राहिला आणि कौशल्याचा फोन लावला. सकाळपासून तिचे एकवीस मिस्ड कॉल होते.

"जित्ता हाय," तो म्हणाला. पलीकडे तिचा बांध फुटला. तिला दम लागला, श्वास पुरेना. असं तिला लग्नापासून व्हायचं, आणि अशा वेळी काय बोलायचं हे त्याला पाठ होतं. त्याने आवाज खाली आणला. "घाबरू नको. मी हाय ना. फोन ठिवू नको. आधी पाणी पी दोन घोट. पिलीस?"

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

तो वळला. म्हातारी बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. दोन्ही कानांवर पदर दाबून धरलेला, पाण्याची बाटली फरशीवर लवंडलेली. नात तिला धरत होती. "आजी, काय झालं? अगं, कोणी नाहीये."

"तनुजा, त्यो आला," म्हातारी म्हणाली. "त्योच हाय. त्योच बोलतोय."

"हे वेगळे आहेत आजी, वयाने बघ ना." मुलगी ओशाळून उत्तरेश्वरला म्हणाली, "सॉरी हां काका. लोणी काळभोरहून आलोय आम्ही, आवाज ओळखायला बोलावलंय. तो फोन आल्यापासून हिचं असंच होतं. तीन दिवस त्या माणसाने फोन बंद करू दिला नव्हता. घरात आम्ही सगळे होतो, पण हिने कुणाला कळू दिलं नाही."

उत्तरेश्वर म्हातारीकडे एक पाऊल सरकला. त्याला तिला सांगायचं होतं की बाई, मी तो नव्हे. त्याने तोंड उघडलं, "आजी, ऐका..."

म्हातारी बाकावरून खाली सरकली आणि फरशीवर बसूनच तिने त्याला हात जोडले.

"म्या कुणाला न्हाई सांगितलं साहेब," ती म्हणाली. "देवाशप्पत. सुनेलाबी न्हाई सांगितलं."

उत्तरेश्वरने तोंड मिटलं. कानाशी फोनमध्ये कौशल्या अजून बोलत होती, कवा येणार हाय, कुणी आणणार हाय त्याला. त्याने उत्तर न देता फोन बंद केला. बावन्न वर्षांत त्याला आजवर कुणी घाबरलं नव्हतं. गेटवर अडवलेले साहेबसुद्धा हसून पुढे जात. आणि ही बाई थरथरत होती, त्याच्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या आवाजाला. पोराने पुण्याचं बोलणं कुठूनही उचललं असेल, धीर द्यायची रीत मात्र घरातून नेली होती. या म्हातारीला कुणीतरी सांगायला हवं होतं की साहेब कधी नव्हताच, एक पोरगं होतं, त्याला नाव होतं, बाप होता. पण ते सांगायला त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता.

तो मान खाली घालून तिला वळसा घालून गेला, पायांचाही आवाज न करता. पडद्यावर बाई अजून बसलेल्या होत्या, त्यांच्यापुढे फाइल मिटलेलीच होती. राजनंदिनी मॅडमनी वर पाहिलं आणि त्याने काही बोलायची वाट पाहिली.

उत्तरेश्वरने आधी मागे वळून दार ओढून घेतलं आणि ते नीट बंद झालंय का ते दोनदा पाहिलं. मग टेबलापर्यंत आला, वाकला, आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "दोन नंबरचा आवाज माझ्या पोराचा हाय. लिहून घ्या."